उभं पोहणं

पाण्याखाली मोटरचा दोर सापडला, गाठ हाताला लागली, आणि तेवढ्यात राजपालच्या छातीतली हवा संपली.

एरवी असं होत नसे. ठाणाकुशनूरच्या शिवारात मोटर अडकली, वासरू पडलं, नाहीतर माणूस पडलं, की लोक आधी राजपालच्या दारात यायचे. मोटर दुरुस्ती हा त्याचा धंदा, पण नाव झालं ते बुडीमुळं. त्यानं जिवंत माणसं वर काढली होती, मेलेलीही काढली होती. मग दोन वर्षांपूर्वी चिंताकीच्या रस्त्यावर त्याची मोटरसायकल घसरली. मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसवावी लागली. बाजेवर पडून पडून अंग सुटलं, पोट पुढं आलं, साखर निघाली. पाय बरा झाल्यावर आज तो पहिल्यांदाच पाण्यात उतरला होता, किशनरावांच्या हिरीत. याच हिरीवर त्याच्या आजोबांच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं. बुडालेलं काढायला मात्र तेव्हाही त्यांच्याच घरचं माणूस लागायचं.

राजपालनं वर यायला पाय मारले. एक पाय चालला, दुसरा दगडासारखा लोंबकळत राहिला. डोळ्यांपुढं काळं झालं. तोंड उघडलं आणि पाणी आत शिरलं.

पायऱ्यांवरच्या दोघांनी त्याला बनियनला धरून ओढलं. तो पालथा पडून ओकला. मागून कुणीतरी म्हणालं, "पोहणाराच बुडतो म्हणतेत, ते काय खोटं न्हाई."

किशनराव त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "राजपाल, आता तू वरूनच सांगत जा बाबा. खाली उतरू नको."

ते मायेनं बोलले होते. राजपालला मात्र त्या पाण्यापेक्षा हे बोलणं जास्त लागलं.

घरी राजश्रीनं, त्याच्या बायकोनं, ओले कपडे दोरीवर आपटले. "मला रांडव करायलाव का? पुन्हा हिरीत उतरायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी अंघोळीला डोक्यावरून तांब्या ओतला आणि त्याचा श्वास अडकला. आपल्याच न्हाणीत हा गडी भिंतीला धरून उभा राहिला. राजश्रीला त्यानं हे सांगितलं नाही.

औरादच्या मैदानावर मडिवाळप्पा नावाचे एक निवृत्त हवालदार भरतीच्या पोरांना तयार करायचे. राजपाल त्यांच्याकडं गेला. त्यांनी आधी डॉक्टरला विचारून यायला लावलं, मग मांडी चाचपली, मग मैदानाच्या कडेच्या पायऱ्या चढायला सांगितल्या. अर्ध्यावरच राजपाल धापा टाकत बसला.

"अण्णा, महिन्याभरात मला पाण्यात उतरायचंय."

"महिन्याभरात तू ह्या पायऱ्या चढशील," मडिवाळप्पा म्हणाले. "आधी पाय. मग दम. पाणी सगळ्यात शेवटी. मधलं गाळायचं असंल तर आताच घरी जा."

सकाळी तळ्याच्या बांधावर चालणं सुरू झालं. शेताला निघालेल्या बाया पदराआड हसायच्या. मग बाजेला धरून उठबस, मग पायऱ्या, मग पालथं पडून हातांवर अंग उचलणं. राजश्रीनं भात कमी केला, चहातली साखर बंद केली, आणि पाणी तर दूरच आहे म्हणून गप्प राहिली. राजपालनं घाई केली की मडिवाळप्पा कानडीत म्हणायचे, "निधान, निधान." सावकाश. राजपालला त्या शब्दाचा राग यायला लागला. एकदा त्यानं चोरून जास्तीच्या पायऱ्या चढून घेतल्या. गुडघा सुजला. मडिवाळप्पांनी त्याला सरळ मागच्या आठवड्याच्या व्यायामावर आणून ठेवलं. तो चिडून घरी बसला. मग एके सकाळी, कुणी बोलवायला न येता, आपणच गेला.

पाण्याची पाळी आली ती पावसाळा सरल्यावर. तळ्याच्या कडेला, छातीएवढं. मडिवाळप्पांनी पाण्यात तोंड बुडवायला सांगितलं. राजपाल वाकला, पाणी नाकाला लागलं आणि तो धडपडत बाहेर पळाला. मडिवाळप्पांनी हाक मारली नाही. वाट बघत उभे राहिले. बऱ्याच वेळानं राजपाल परत आत शिरला.

मग उभं पोहणं. जागेवर राहायचं, हात पाण्याबाहेर, खाली नुसते पाय फिरवायचे.

"बुडी कधी, अण्णा?"

"बुडीचं नाव काढू नको. आधी पाण्यात टिकायला शीक."

दिवाळी होऊन गेली होती. दुपारी राजपाल अंगणात एका मोटरमध्ये तांब्याच्या तारेची गुंडाळी भरत होता. किशनराव उघड्या डोक्यानं पळत आले.

"राजपाल, सून हिरीत पडली! पल्लवी! पाइपाला धरून हाय, लवकर चल!"

राजपाल उठला आणि तसाच उभा राहिला. दारात राजश्री होती. ती त्याच्याकडं बघत राहिली, मग आत गेली. बाहेर आली ती खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन.

"दोर मी धरते," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका."

हीर तोंडाशी माणसांनी भरली होती. खाली पल्लवी मोटरच्या पाइपाला लटकली होती. लुगडं पायांत गुंतून तिला खाली ओढत होतं, आणि तिच्या वजनानं पाइप हळूहळू निसटत होता. राजपालनं कमरेला दोर बांधला. उडी मारली नाही. पायऱ्या उतरला, शेवटच्या पायरीवर बसला आणि गार पाण्यात अंग सोडलं.

"पोरी, माझ्याकडं बघ. मी पाठीमागून धरतो. मला मिठी मारायची न्हाई."

तिनं पाइप सोडला आणि सरळ त्याच्या गळ्याला मिठी मारली. दोघंही खाली गेले.

परत तेच काळं. वर यायची धडपड करावी असं सगळं अंग ओरडत होतं. राजपालनं धडपड केली नाही. तिला घेऊन अजून थोडा खाली गेला. तशी पाण्याला घाबरून तिनं हात सोडले. तो तिच्या मागं निघाला, काखेखालून हात घातला आणि दोघांची डोकी वर आली. पल्लवी खोकली. वरून आरडाओरडा झाला. पायऱ्या पलीकडच्या अंगाला राहिल्या होत्या; पल्लवीला ओढत तिथवर जाणं त्या पायानं जमणार नव्हतं.

"दोर बांधून बाज खाली सोडा!" राजपाल ओरडला.

बाज बांधायला वेळ लागत होता. एक कोपरा तिरपा झाला, परत वर ओढली, परत बांधली. राजपाल खाली पाय फिरवत राहिला. सळईच्या जागी पेटका आला. पाणी ओठांपर्यंत चढलं.

"काका, मी मरणार," पल्लवी म्हणाली.

"निधान," तो म्हणाला. तिला की स्वतःला, कुणास ठाऊक.

बाज पाण्याला टेकली. त्यानं पल्लवीला ढकलून बाजेवर घातलं, आणि बाज वर गेली. तो एकटा राहिला. पाय आता नसल्यासारखेच झाले होते. कमरेचा दोर एकदम ताणला गेला. वर राजश्री पाय रोवून ओढत होती, आणि तिच्या मागं दोराला किशनराव लागले होते.

पल्लवीला औरादच्या दवाखान्यात नेलं. छातीत पाणी गेलं होतं, पण वाचली. राजपालची मांडी सुजून टम्म झाली. दुसऱ्या दिवशी मडिवाळप्पा आले आणि आल्या आल्या भडकले.

"तुला हिरीत उतरायला मी सांगितलं होतं?"

"न्हाई, तुम्ही सांगितलं न्हवतं."

"मग?"

"तळाला गेलो न्हाई, अण्णा. नुसता टिकून राहिलो."

मडिवाळप्पांनी त्याची मांडी चाचपली. म्हणाले, "सूज उतरली की बांधावर चालणं. पहिल्यापासून." राजपालनं कपाळाला हात लावला.

काही दिवसांनी पल्लवी सासऱ्यांना घेऊन आली. तिला पोहायला शिकायचं होतं. किशनराव जमिनीकडं बघत पुटपुटले, "गावात बायका पोहायल्यात कुठं?"

"मग बुडायल्यात ते चालतं व्हय?" राजश्री आतून म्हणाली.

किशनरावांनी मान डोलावली. पण ते पल्लवीला एकटीला पाठवणार नाहीत, राजश्रीलाही उतरावं लागणार, हे उघडच होतं. त्यामुळं त्या आठवड्यात तळ्याच्या कडेला पंजाबी ड्रेस घालून दोघीजणी उतरल्या, आणि मडिवाळप्पा काठावर उभे राहून शिकवायला लागले. राजश्री पल्लवीपेक्षा जास्त घाबरत होती. पाणी कमरेला लागताच तिनं पल्लवीचा दंड घट्ट धरला. राजपाल बांधावरून लंगडत येत होता. तो काही सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात राजश्री ओरडली, "तुम्ही चाला गपचूप! आम्हाला अण्णा सांगायलेत!"