पडद्याशेजारचा माणूस

सत्तेचाळिसाव्या वर्षी गिरणीने मला कामावरून मोकळे केले आणि मी बेकार झालो, ही गोष्ट मी सोडून साऱ्या सोलापूरला पटली.

"मला हिशेब येतो. काम मिळेल," मी पत्नीला म्हणालो.

"नाही मिळालं तर अक्कलकोटला माझ्या भावाच्या दुकानात बसा."

(हा मेहुणा मला 'भावजी' अशा सुरात म्हणतो की, ऐकणाऱ्याला ती शिवी वाटावी.) तेव्हा मी जरा वेगळ्या कामांचा विचार सुरू केला. लग्नात रुसलेल्या व्याह्यांची समजूत घालणे मला सहज जमले असते. पण त्याला हंगाम असतो. देवळाबाहेर जोडे राखणे बारमाही. पण एक जोडा गेला की भरपाई कोण देणार?

एवढ्यात तंबूत मूकपट दाखवणारे अप्पा भेटले. "पडद्याशेजारी हुबं ऱ्हायचं आन् गोष्ट सांगायची. पडद्यावरच्या पाट्या कुणाला वाचता येत न्हाईत. जमंल न्हवं?"

"जमेल. पण खोटं सांगणार नाही."

"सिनेमात खोटं कुटं असतंय?" अप्पा म्हणाले.

पहिला खेळ मंद्रूपच्या बाजारादिवशी. पत्नी ट्रंक घेऊनच आली. मी नापास झालो की तिथूनच अक्कलकोटची गाडी धरायची, असा तिचा बेत!

खेळ सुरू झाला. पडद्यावर राक्षसांची फौज आली. 'लाखो राक्षस' म्हणायला माझी जीभ रेटेना. "राक्षस सतरा," मी सांगितले, "पैकी एक लंगडा."

मागून आरडाओरडा झाला, "हळू! हळू!"

माझा वेग जास्त झाला असावा. मी एकेक शब्द सुटा करून बोलू लागलो.

"हळू! हळू!"

मी आवाजही उतरवला. ओरडा दुप्पट झाला. बायकांच्या बाजूला पत्नी उभी राहून हात वरखाली करत होती. तिलाही मी मोठ्याने बोलतोय असे वाटते म्हटल्यावर मी जवळजवळ कुजबुजत राजपुत्राचे लग्न लावले. तंबूत जणू दंगल उसळली. मी शांतपणे तोंड मिटले. याहून हळू माणसाला बोलता येत नाही!

अप्पा धावत आले. "अवो, गप का झालासा?"

"लोक हळू म्हणतात."

"हळू न्हवं, हेळू! कानडीत हेळू म्हंजी सांग. सांग सांग म्हणून वरडाय लागलेत ती, आन् तुमी गप?"

(सोलापुरात वीस वर्षे राहून कानडी मला बोलता येत नसली तरी समजते, असा माझा समज होता.)

तेवढ्यात खणखणीत कानडी ऐकू आली. माझी पत्नी, कानडी मुलखातल्या अक्कलकोटची लेक, ट्रंकेवर चढून पहिल्यापासून गोष्ट सांगत होती. अप्पांनी मला मागाहून सांगितले ते असे: सतराचे तिने लाखो केले, लंगड्याला सेनापती केले, आणि राजपुत्राच्या सासूला पडद्यावर नसलेली चार भांडणे दिली. लोक पोट धरून हसत होते.

खेळ संपल्यावर अप्पांनी आम्हा दोघांना बोलावले. "वैनी, उद्यापास्नं तुमीच सांगायचं. लई झ्याक."

"आणि हे?" पत्नीने विचारले. "ह्यांना काम नसेल तर मीही नाही."

अप्पांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिले. "ऱ्हाऊ द्या की. दारावर तिकिटं फाडतील. पर बोलायचं न्हाई."

मी ताबडतोब होकार दिला, अर्थात मानेने. मेहुण्याचे दुकान कायमचे टळले, आणि त्या मूकपटाच्या कंपनीत खरोखर मूक असलेला एकमेव इसम म्हणून मी रुजू झालो.