वेल्ह्याच्या डावातली राजाची उडी

पाटणकर हिशेबाच्या कागदांत बुडाला होता आणि पटापलीकडे तात्या सुपारी कातरत होते. वेल्ह्याच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. बुद्धिबळात त्यांना हरवणारा आसपास कोणी नव्हता.

"दत्तू, तुमचं मशीन झोपलं का रं?"

"मशीन मुंबईला हाय, तात्या," मी म्हणालो. "हितं आमीच मशीन."

ते खरंच होतं. पन्नासचं दशक संपत आलं होतं. मुंबईच्या ज्या संस्थेत आम्ही दोघे नोकरीला होतो, तिथे गणकयंत्र उभं राहत होतं. त्याला बुद्धिबळ शिकवायचंच, असा आम्ही हट्ट धरला होता, पण खेळी निवडायची दोघांची रीत, म्हणजे स्कीम, वेगळी होती. साहेब म्हणाले, "मशीनचा टाइम एकाच स्कीमला मिळेल. आधी कागदावर खेळून दाखवा." पाटणकरची पोस्ट टेम्पररी होती. त्याची स्कीम निवडली गेली तरच ती पुढे चालणार होती.

माझ्या स्कीममध्ये जाणकाराचं सगळं ज्ञान होतं. राजा झाकलेला आहे का, प्यादी एकमेकांना धरून आहेत का, हत्तीपुढची वाट मोकळी आहे का. प्रत्येक खेळीला या सगळ्याचे गुण मोजायचे. पाटणकरचं म्हणणं उलट. फक्त मोहऱ्यांची किंमत मोजा आणि वाचलेल्या वेळात आणखी पुढच्या खेळ्या बघा.

भोर माझं गाव. सुट्टीत त्याला तिथे नेलं आणि तात्यांशी खेळायला एसटीने वेल्ह्याला आलो. स्कीमच्या कागदावरच्या सूचनांबाहेर स्वतःचं डोकं चालवायचं नाही, एवढी अट.

माझा डाव आदल्या दिवशी झाला. एकेका खेळीचे गुण मोजेपर्यंत तात्या घरी जाऊन जेवून आले. "वाईट न्हाई खेळत," ते म्हणाले, "पण तवर समोरचा म्हातारा हुईल." डाव अर्धाच राहिला.

पाटणकरचा डाव मात्र धावला. कागदांतून मान वर काढून त्याने वजीर सरकवला. "पुढच्या खेळीला मात. राजाची सगळी घरं तपासलीत."

तात्यांनी राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं पलीकडे ठेवला.

"हे काय?"

"राजाची उडी. आदी शह बसला नसंल तर एकडाव मारता येती, पाव्हणं."

पाटणकर विलायती नियमांवर शिकलेला. मी मात्र त्या उडीवरच वाढलो होतो. सुरुवातीला नियमही मीच ठरवले होते. प्यादं पहिल्यांदा दोन घरं चालेल, एवढंच बोललो. "बाकी आपलंच न्हवं?" तात्यांनी विचारलं होतं. मी "व्हय" म्हणून मोकळा झालो, आणि पाटणकरला उडीचं सांगितलंच नाही.

"म्हाईत नव्हतं तर माघारी घेतो," तात्या म्हणाले.

"नको," पाटणकर म्हणाला. "ठरलं ते ठरलं." मग त्याचा वजीर गेला आणि डावही.

मुंबईला साहेबांनी निकाल विचारला. "पाटणकरची स्कीम हरली," मी म्हणालो. "माझी हरली नाही." पाटणकर शेजारीच उभा होता. पुढचं मी सांगेन म्हणून थांबला. मी सांगितलं नाही.

मशीनचा टाइम मला मिळाला आणि एकही डाव पुरा न होता संपला. तोवर पाटणकर संस्थेतून गेला होता. पुढच्या खेपेला मी जिद्दीने माझं ज्ञान छाटत गेलो, दोन-तीन प्रश्न उरले तेव्हा डाव पुरा झाला. म्हणजे स्कीम जवळजवळ त्याचीच झाली. नाव माझं लागलं.

आजही मशीनला बुद्धिबळ शिकवणारा म्हणून माझी ओळख करून देतात. म्हणून लिहून ठेवतो. वेल्ह्याला पाटणकरचा हिशेब बरोबर होता. त्याला नियम अर्धे मिळाले होते, आणि ते मी दिले होते.

ज्ञान किती भरायचं आणि वेग किती राखायचा, हे मागाहून ठरवता येतं. आधी समोरच्याला विचारावं, बाबा, तुझा राजा चालतो कसा?