खाऱ्या पाण्यातली गोड विहीर

मी फोनवर जुन्या जागांचे काळे-पांढरे फोटो काढते. हा नाद औशाच्या किल्ल्यानं लावला. तो लांबून दिसतच नाही. खंदकाच्या काठाशी गेलं की पायाखालून तट उभा राहिल्यासारखा वाटतो. रंगीत फोटोत नजर आधी लोकांनी टाकलेल्या वेफरच्या पुड्यांवर जाते. रंग काढून टाकला की दगड उरतो आणि त्याची सावली.

माझे वडील, आबा, रेणापूर तालुक्यात हातपंप दुरुस्त करायचे. सगळी नोकरी पाण्याच्या मागं गेली. समुद्र मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. मागच्या हिवाळ्यात मी त्यांना अलिबागला घेऊन गेले.

ओहोटी होती. समुद्रातल्या किल्ल्यापर्यंत ओल्या वाळूतून चालत जाता येत होतं. आबांनी घोडागाडी नको म्हटलं, चपला हातात घेतल्या आणि पुढं निघाले. मी मागं थांबून फोन वर धरला. आभाळ आणि वाळू एकच झाली होती, उन्हात धरलेल्या पत्र्यासारखी, आणि त्या उजेडात आबा तिळाएवढे. लहानपणापासून मी त्यांच्याकडं मान वर करून पाहत आलेली. फोटो काढायचंही क्षणभर विसरले, मग काढला.

किल्ल्यात एक विहीर होती. एक बाई पाणी शेंदत होती.

"पाणी गोड आहे, प्या," ती म्हणाली.

"समुद्रात गोडं पाणी कुठलं, बाई?" आबा हसले.

तिनं त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं. आबांनी घोट घेतला, थांबले, मग सगळी ओंजळ प्याले.

"माय, खरंच गोड हाय की गं!" ते माझ्याकडं वळले. "चारी अंगानं खारट, आन् मधी हे असं! आपल्याकडं पाताळ गाठलं तरी नुसता फुफाटा निघतोय."

कठड्याला धरून ते बराच वेळ आत बघत राहिले. मी फोटो काढला. पाणी काळंभोर आलं, आणि त्यात त्यांचे पांढरे केस.

"निघा आता, भरती लागेल," बाईनं बजावलं. निघण्याआधी आबांनी आमची बाटली रिकामी केली आणि विहिरीच्या पाण्यानं भरून घेतली. परतताना पाणी घोट्याला लागलं, मग पोटरीला. काठावर बसून आम्ही मागं पाहिलं, तर चालत आलेली वाट नव्हतीच.

ती बाटली त्यांनी बसमध्ये लातूरपर्यंत मांडीवर धरली. रेणापुरात पोचल्यावर पंपाच्या कामातले त्यांचे जुने जोडीदार भेटायला आले. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. आबांनी त्यांना समुद्रातल्या विहिरीचं म्हणून पेल्यात थोडं पाणी दिलं.

चाचांनी चव घेतली. "नळाचं हाय. काय चेष्टा लावलीस?"

आबांनी माझ्याकडं फोन मागितला. मी वाळूतला फोटो उघडून दिला. चाचांनी चष्मा पुसला, फोन उजेडाला धरला, आडवा केला, पुन्हा उभा केला.

"हा इवलासा तू?"

"हाव."

"आन् हे सगळं पाणी?"

"ही ओली वाळू हाय. पाणी मागं हाय. फोटोत मावलं न्हाई."

चाचांनी पेला पुन्हा उचलला आणि उरलेलं पाणी घोट घोट करून संपवलं.