पोत्यावर ठेवलेले पाय

माझ्या घरी कोणीही येवो, मी पाय वर ठेवूनच बसते. पाठीला लोड, पायांखाली दोन उशा. व्याही आले तरी तशीच, मास्तर आले तरी तशीच. परवा एक दूरचे दीर म्हणाले, "वहिनी, मोठ्या माणसांची जराशी लाज ठेवत जा." मी म्हटलं, "ठेवली होती एकदा. पुरे झाली." बिचारे चहा न संपवताच उठले. त्यांना काय ठाऊक? मी तरी कोणाला सांगितलंय?

माझ्या पायांच्या शिरा आईच्या वळणावर गेल्या. पोटरीवरून घोट्यापर्यंत निळ्या, वेड्यावाकड्या, गाठी आलेल्या. माझं ऑपरेशन वेळेवर झालं. आईचं राहून गेलं.

आमचं गाव वडनेरच्या पुढे, डांबरी रस्त्यापासून गाडीवाटेने दोन कोस आत. विदर्भ महाराष्ट्रात येऊन चार-पाच वर्षं झाली असतील, मी तेव्हा चौदा-पंधराची. आईचा दिवस उभ्यानेच जायचा. विहिरीवर उभी, पऱ्हाटीत कापूस वेचायला उभी, घरी आली की वाढायला उभी. माझ्या आजोबांसमोर, म्हणजे तिच्या सासऱ्यांसमोर, ती बसलेली मी कधी पाहिली नाही. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आबा काही वाईट नव्हते हो. ओसरीवर बसायचे, कमी बोलायचे, आणि घरातल्या सगळ्यांना त्यांचा धाक होता. धाक कशाचा, असं कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आईच्या घोट्याच्या वरची कातडी काळी पडली, मग तिथे जखम झाली. हळद झाली, पाला झाला, जखम काही भरेना. शेवटी बाबा तिला बुलढाण्याला डॉक्टरकडे घेऊन गेले. मीही गेले, कारण परक्या पुरुषाशी आई बोलणार नव्हती. ती पदराआडून माझ्या कानात बोलणार आणि मी डॉक्टरांना सांगणार.

डॉक्टरांनी तिला आधी उभं केलं, मग झोपवून पाय वर उचलला. सगळ्या गाठी जागच्या जागी विरल्या. पुन्हा उभं केलं, पुन्हा भरून आल्या. आई आपल्याच पायाकडे टकामका बघत राहिली. डॉक्टर म्हणाले, शिरांमध्ये बारीक झडपा असतात, त्या रक्ताला खाली घसरू देत नाहीत. हिच्या झडपा निकामी झाल्या आहेत. जांघेत एक चीर, घोट्याशी एक चीर, आतून तार घालून खराब शीर ओढून काढायची. राहिलेल्या बारीक शिरा इंजेक्शन देऊन बंद करायच्या.

"जांघीत?" आई माझ्या कानात म्हणाली. "सांग त्याले, मले नाही जमत."

"आई, काऊन नाही जमत? पाय सडवतं का?"

"सडू दे. तू सांग."

मी चिडून बाबांकडे बघितलं. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले, "वेचणी झाल्यावर पाहू."

मग डॉक्टरांनी दुसरा मार्ग सांगितला. सकाळी बाजेवरून उतरायच्या आधी बोटांपासून गुडघ्यापर्यंत रबराची पट्टी गुंडाळायची. दिवसातून तीनदा अर्धा-अर्धा तास पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडायचं. आणि माझ्याकडे बोट करून ते म्हणाले, "पोरी, तू ऐक. ही शीर कधी फुटली तर घाबरायचं नाही. लगेच आडवं करायचं, पाय वर धरायचा आणि बोटाने दाबून ठेवायचं. वरच्या बाजूला काही बांधायचं नाही. आणि उभं तर करायचंच नाही."

मी ते शाळेतल्या कवितेसारखं पाठ केलं.

पट्टी जमली. पाय वर कुठे ठेवायचे? भरल्या घरात सून दिवसाउजेडी बाजेवर पाय उंच करून पडणार, आणि समोर ओसरीवर सासरा? आईने मार्ग काढला. मागच्या खोलीत ज्वारीची पोती होती. दुपारी आबा मळ्यात गेले की ती पोत्यांशी सतरंजी टाकायची, पाय वरच्या पोत्यावर ठेवायची. मी उंबरठ्यावर पुस्तक घेऊन बसायची. आबांची काठी अंगणात वाजली की मी हळूच म्हणायची, "आबा आले." पुढच्या क्षणी आई उभी, डोक्यावर पदर, हातात सूप. आम्ही दोघी मग खूप हसायचो. खरं सांगते, आईशी माझी एवढी गट्टी आधी कधी नव्हती. जखम भरत आली. आई म्हणाली, "पाह्य, कापाकापीबिना जमलं का नाही?"

वेचणीच्याच दिवसांत एका दुपारी बाबा कापसाची गाडी घेऊन खामगावला गेले होते. आई न्हाणीतून ओरडली. पाय घासताना दगड त्या काळ्या कातडीला लागला होता आणि रक्ताची चिळकांडी भिंतीपर्यंत उडत होती. मी तिला धरून मागच्या खोलीत आणलं, आडवं केलं, पाय पोत्यावर चढवला, अंगठ्याने दाबून धरलं. रक्त थांबलं. अगदी थांबलं. आई म्हणाली, "शहानी माही लेक." माझी मान ताठ झाली.

तेवढ्यात अंगणात काठी वाजली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आबा आले."

मी का बोलले? सवय, दुसरं काय! महिनाभर रोज बोलत होते. आणि आईनेही सवयीनेच पाय खाली घेतला, माझा अंगठा झटकला आणि उभी राहिली. पदर सारखा करत होती. खाली रक्ताचं थारोळं होत होतं आणि ही बाई पदर सारखा करत होती!

आबा दारात आले. त्यांनी रक्त पाहिलं आणि खांद्यावरचा दुपट्टा काढून गुडघ्याखाली करकचून आवळला. साप चावल्यावर शेतात बांधतात, तसा. मी म्हटलं, "आबा, डॉक्टरनं बांधाले नाही सांगतलं." इतकं हळू म्हटलं की मलाच ऐकू आलं नाही. रक्त जास्तच यायला लागलं. आबांनी स्वतः घरची दुसरी गाडी जुंपली. आई गाडीत आडवी होईना. पुढे सासरा हाकतोय, त्याच्याकडे पाय कसे करायचे? पाय बाहेर सोडून ती मागच्या टोकाला बसली, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून. म्हणाली, "थंडी वाजून राह्यली, बाई." डांबरी रस्ता दिसायच्या आधी तिचं डोकं जड झालं.

गाडी मागे वळवून घरी येताना आबांनी एकच विचारलं, "डॉक्टर काय म्हने?" मी सगळं सांगितलं. पाय वर ठेवायचे, ते पोत्यांचं, माझ्या राखणीचं, सगळं. आबा बैलांच्या पाठीकडे बघत ऐकत होते.

बायकांनी आईला ओसरीवर जमिनीवर ठेवलं. गाव जमलं. आबा बैल सोडून अंगणातून येताना दिसले तेव्हा मी उंबरठ्यावरच होते, माझ्या रोजच्या जागी. तेच दोन शब्द माझ्या तोंडाशी आले. मी परकराच्या टोकाचा बोळा तोंडात कोंबला.

आबा आईच्या पायांशी खाली बसले. तिचे दोन्ही पाय उचलून त्यांनी आपल्या मांडीवर घेतले. सासऱ्याने सुनेच्या पायांना हात लावला! बायका "अगं माय" करून मागे सरल्या.

"ठेव माय, वर ठेव," आबा म्हणाले. "म्या कधी नाही म्हनलं होतं का तुले? मले कोनं सांगतलंच नाही."

खरंच होतं ते. ते कधी नाही म्हणाले नव्हते, आणि आम्ही कोणी कधी विचारलं नव्हतं.

आबा किती तरी वेळ तसेच बसून होते. आणि आईने पाय खाली घेतले नाहीत.