सोंड नसलेला हत्ती

मुलीच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि ती सासूला ‘अव्वा’ म्हणायला लागली होती. अव्वा म्हणजे आई. आम्ही कुरुंदवाडचे, तिचं सासर पलीकडे कर्नाटकाच्या हद्दीत. त्यांच्या घरात कन्नड बोलतात, सगळ्याच सुना सासूला अव्वा म्हणतात, हे मला कळत होतं. कळून काय उपयोग? मीही माझ्या सासूला जन्मभर ‘अहो आई’ म्हटलं, पण त्या ‘अहो’मुळे माझी आई तिच्या जागी शाबूत राहिली. अव्वामध्ये ‘अहो’सुद्धा नव्हतं.

खिद्रापूरला जायचं विहीणबाईंनी ठरवलं. एवढ्या जवळ राहून त्यांनी कोपेश्वराचं देऊळ पाहिलेलं नव्हतं. मला फोन करून म्हणाल्या, “तुमीबी या की, अक्का.” तुमीबी! मुलगी माझी, देऊळ तिला मी दाखवलेलं, आणि मीच पाहुणी.

जावयांनी मला मानानं पुढच्या सीटवर बसवलं. मागे त्या दोघी कन्नडमध्ये खुदुखुदु हसत होत्या. मी ज्या पोरीला बोलायला शिकवलं तिला आता मला न कळणारी भाषा येत होती. मी खिडकीतून ऊस बघत बसले. ऊस काय मी कधी पाहिला नव्हता?

देवळात शिरल्यावर विहीणबाई पुढच्या मंडपात थबकल्याच. छताला मधोमध मोठा गोल मोकळा ठेवलेला आहे, त्यातून आभाळ दिसतं, आणि बरोबर त्याखाली तेवढीच गोल शिळा. भोवती कोरलेले खांब, इतके गुळगुळीत की बाई हात फिरवतच राहिल्या. मी मुलीला पहिल्यांदा आणलं तेव्हा तीही तशीच तोंड उघडं टाकून वर बघत होती. आता ती अव्वाला हाताला धरून शिळेवर उभी करत होती. दोघींच्या तोंडावर ऊन पडलं होतं. फोटो काढायला फोन माझ्या हातात दिला. मी काढले. एकात विहीणबाईंचे डोळे मिटलेले आले, तो मी मुद्दाम ठेवला.

गाभाऱ्यासमोर विहीणबाईंनी विचारलं, “नंदी कुठं हाय?”

आता सांगायची वेळ माझी म्हणून मी पुढे सरसावले. सती माहेरी निघाली तेव्हा नंदी तिच्याबरोबर गेला, देव एकटाच मागे राहिला, कोपला, म्हणून कोपेश्वर, अशी सगळी गोष्ट मी रंगवून सांगायला लागले. मधेच मुलगी म्हणाली, “अव्वा, तो नंदी म्हणजे आपल्या यडूरचा.”

“व्हय? मग आमच्याकडंच हाय की!” विहीणबाई खूश झाल्या.

नंदीसुद्धा त्यांच्याकडेच. त्या क्षणी मला देवाचा राग अगदी आतून पटला. आपलं माणूस दुसऱ्याच्या घरी गेलं की रिकामी जागा आपल्याच दारात राहते.

तरी इथपर्यंत मी सोसलं. बाहेर आल्यावर मात्र हद्द झाली. देवळाच्या पायाशी दगडी हत्तींची रांग आहे, बऱ्याच जणांच्या सोंडा तुटलेल्या. त्यातला एक आमचा होता. मुलगी लहान असताना भडंगाची पुडी घेऊन त्याच्यापुढे बसायची. “याला सोंड न्हाय, आपणच भरवायला पायजे,” असं मी तिला सांगितलं होतं. त्याच्या तोंडाला चिरमुरे लावायचे आणि मग तिनं खायचे, असा आमचा खेळ. तो हत्ती आम्ही दोघी सोडून कुणालाच माहीत नव्हता. तिच्या वडिलांनासुद्धा नाही.

ती थेट त्याच्याकडे गेली. “अव्वा, ह्यो माझा हत्ती. याला सोंड न्हाय, म्हणून मी भरवायची.”

माझा हत्ती. मी भरवायची. त्यात मी कुठेच नव्हते. आणि विहीणबाईंनी खरंच पिशवीतून प्रसादाची साखर काढून हत्तीच्या तोंडाला लावली. त्या बाईचं चुकलं काहीच नव्हतं, तेच तर मला सहन होत नव्हतं.

“चला, झालं बघून,” असं म्हणून मी तरातरा फाटकाकडे निघाले.

“आई, थांब की!” मुलगी मागून अनवाणी धावत आली, आणि फरसबंदीच्या वर आलेल्या कडेला तिला जोरात ठेच लागली.

“आई गं!”

अव्वा नाही. आई गं! कळ आली तेव्हा माझंच नाव आलं तोंडात. मला एवढं बरं वाटलं की सांगता सोय नाही. जावयांनी ऐकलं का, म्हणून मी मान वळवून पाहिलं.

पुन्हा तिच्याकडे पाहिलं तेव्हा विहीणबाई इस्त्रीच्या पातळानिशी धुळीत बसल्या होत्या. पोरीचा पाय त्यांच्या मांडीवर होता. अंगठ्याचं नख उचकटलं होतं, रक्त पातळावर उतरत होतं, आणि त्या पूजेच्या पुडीतली हळद त्यावर दाबून धरत होत्या. मी होते तिथेच उभी होते.

“अक्का, पाणी द्या की,” वर न बघताच त्या म्हणाल्या. “हाक तर तुमालाच मारली न्हवं तिनं?”