नाकाने ओळखलेल्या बाटल्या

सोमवार, जुलै १९७८. साकोलीच्या शाळेची प्रयोगशाळा. हजर: मी, नववीचा वर्ग आणि प्रयोगशाळेचे परिचर, ज्यांना सगळे काका म्हणतात.

काका बाटल्यांवर नावाच्या चिठ्ठ्या भाताच्या शितांनी चिकटवतात. पावसाळ्यात झुरळं शितांसकट नावंही खातात. मग काका प्रत्येक बाटलीचं बूच काढतात, डोळे घट्ट मिटतात, हुंगतात आणि आत काय आहे ते सांगतात. आजही तेच चाललं होतं.

"काका, हुंगू नका. नाक जळेल," मी नेहमीप्रमाणे ओरडले.

"कायले भेता, बाई? नाक गेलं त चष्मा कायच्यावर ठेवू?"

मुलं हसली. काकांनी पुढची बाटली हुंगली, "हे साधं पानी होय," म्हणाले आणि ती उघडीच पहिल्या बाकावर ठेवली. तिथल्या मुलीला जोराचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. बाटलीत अमोनिया होता. मी बूच लावलं, खिडक्या उघडल्या, तिला बाहेर नेऊन तोंड धुवायला लावलं. ती सावरली.

परत आले, तर काका तीच बाटली उघडून पुन्हा हुंगत होते, या वेळी नाक अगदी तोंडाशी नेऊन.

"बाई," त्यांनी हळूच विचारलं, "तुमाले येऊन राहिला का वास?"

मी होकारार्थी मान हलवली. ते खाली बघत बूच दाबत राहिले.

या बाटल्यांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला असते. ती काढून घ्यायला हवी. शाळा सुटली, तरी मी अजून मागितलेली नाही.