वाऱ्यासाठी रीतसर अर्ज

आपल्या मराठी मंडळातल्या टेंगसेकाकांची यंदा पंचाहत्तरी; त्यांची आणि माझी ओळख गच्चीवर झाली. बँकेच्या बदलीवर लखनौला आलो, महानगर वसाहतीत त्यांच्याकडे खोली भाड्याने घेतली, आणि दुसऱ्याच दिवशी रेल्वेतून निवृत्त झालेल्या या अभियंत्यांनी माझ्या हाती वाऱ्याचा वेग मोजायचे यंत्र दिले. "धरा नीट. आकडे मी लिहितो." तासभर हात वर करून उभा होतो. परक्या गावात इतक्या लवकर मला कुणी आपले मानले नव्हते.

काकांना घरावर छोटी पवनचक्की बसवायची होती. उन्हाळ्यात वीज गेली की काकूंचा दमा उसळतो आणि इन्व्हर्टर तासाभरात मान टाकतो. इथली रीत अशी की आधी बांधायचे, नोटीस आली तर मग विचारायचे. काकांनी आधी विचारले. तेवढेच चुकले.

बांधकामाचे नकाशे मंजूर करणाऱ्या कचेरीतले बाबू हबकले. अर्जात पवनचक्कीचा रकानाच नव्हता.

"अंकलजी, लगा लीजिए ना, कौन देखता है?" त्यांतला एक म्हणाला.

"पहले नियम दिखाइए."

"अच्छा, पानी की टंकी लिख दूँ?"

"टंकी गरगर फिरते का हो?" काका माझ्याकडे वळून म्हणाले. रागावले की ते मराठीत येतात.

मग खांबाची उंची, पायाचा नकाशा, शेजाऱ्यांची ना-हरकत. शेजारच्या मिश्राजींना आवाजाची धास्ती होती. काकांनी त्यांच्याच कूलरचा आवाज मोजून दाखवला, तेव्हा त्यांनी मुकाट सही केली. तीन वर्षे फाइल फिरली. काकू म्हणायच्या, "माझा पंखा कागदावर छान चाललाय."

अखेर मंजुरी आली. तोवर मिश्राजींनी कुणालाही न विचारता दोन मजले चढवले होते आणि आमच्या गच्चीवरचा वारा अडला होता. मंजुरीपत्र हातात धरून काका त्या भिंतीकडे बघत राहिले. मला फार वाईट वाटले.

मिश्राजी ओशाळून आले. "भाईसाहब, हमारी छत पर लगा लीजिए."

काकूंचा चेहरा खुलला. काकांनी विचारले, "आपके ऊपर के फ्लोर का नक्शा पास है?"

"नहीं."

"तो कैसे लगेगी?"

काकूंनी कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवसापासून काका मिश्राजींचे मजले नियमित करून घेण्याच्या मागे लागले. दुपारी वीज गेली की मांडीवर नियमावली उघडी ठेवून हातपंख्याने काकूंना वारा घालत बसतात. अशी माणसे आपल्या मंडळात आहेत याचा मला अभिमान वाटतो.

मिश्राजींची फाइल सध्या दुसऱ्या टेबलावर आहे. ती सुटली की पवनचक्कीचा अर्ज नव्या गच्चीसाठी पुन्हा पहिल्यापासून. पंचाहत्तरीनिमित्त काकांना उत्तम आरोग्य लाभो, काकूंनाही लाभो, आणि दोघांना या दोन्ही फायली पुऱ्या होईपर्यंत आयुष्य मिळो. कचेऱ्यांचा अनुभव असलेल्यांच्या ध्यानात येईल की मी शंभरीपेक्षा बरेच जास्त मागितले आहे.